वीस जागा आणि एक कच्चा लिंबू

एखाद्या माणसाने फोनवर ‘येतो’ हे बटण दाबलं आणि तो आला नाही, तर त्याने नेमकं काय केलं? वचन मोडलं? खोटं बोलला? की फक्त त्याचा बेत बदलला, जसा आपला सगळ्यांचाच रोज बदलतो? गेली सहा वर्षं दर बुधवारी रात्री हा प्रश्न माझ्या पुढ्यात येऊन पडतो. वाटतो तेवढा तो फालतू नाही.

मी टोरोंटोच्या शेजारी मिसिसागाला राहतो. हॉकी म्हटलं की तुमच्यातल्या बऱ्याच जणांना धनराज पिल्ले आठवेल, खडकी आठवेल, निळं टर्फ डोळ्यासमोर येईल. इथे नुसतं ‘हॉकी’ म्हटलं की ती बर्फावरचीच. आपल्या हॉकीला ‘फील्ड हॉकी’ असं वेगळं नाव घेऊन ओळख करून द्यावी लागते. आणि या बर्फावरच्या हॉकीतून लीग, पंच, करंडक, प्रशिक्षक हे सगळं वजा केलं की जे उरतं ते ‘पिकअप’. जमेल त्याने यायचं, दोन बाजू पाडायच्या, तासभर खेळायचं, घरी जायचं. उघड्यावरच्या बर्फावर खेळला की याच प्रकाराला ‘शिनी’ म्हणतात. गल्ली क्रिकेटचा हा सख्खा चुलतभाऊ आहे. नियम तोंडी, पंच नाही, पक उंच उडवायचा नाही, कुणाच्या अंगावर जायचं नाही, भांडण झालं तर तिथेच मिटवायचं.

टोरोंटो शहरात महापालिकेच्या अशा उघड्या रिंक पन्नासच्या आसपास आहेत. नोव्हेंबरच्या शेवटापासून मार्चपर्यंत तिथे शिनीच्या ठरलेल्या वेळा असतात, त्याही फुकट. पण पाऊस पडला, ऊन तापलं, की बर्फाचं पाणी. वर्षभर खेळायचं तर बंदिस्त रिंक भाड्याने घ्यावी लागते. चांगल्या वेळा लहान मुलांच्या लीगकडे असतात. आमच्यासारख्या मोठ्यांना उरतात त्या रात्री साडेदहाच्या. भाडं तासाला काहीशे डॉलर.

आता थोडा हिशेब, कारण पुढचा सगळा नीतिशास्त्राचा घोळ या हिशेबातून निघतो. बर्फावर एका वेळी एका बाजूचे पाच जण आणि एक गोली. जीव तोडून स्केटिंग केलं तर मिनिटभरात छातीचा भाता होतो, म्हणून दर मिनिटा-दीड मिनिटाने बाकावरच्या पाच जणांनी आत जायचं आणि आतल्यांनी बाहेर यायचं. म्हणजे एका बाजूला दहा, दोन्हीकडे मिळून वीस, वर दोन गोली. सोळा आले तर चालतं. बारा आले तर पंधराव्या मिनिटाला लोक बर्फावर आडवे होतात. सव्वीस आले तर पैसे भरून बाकावर बसणं आलं. गोलीकडून कुणी पैसे घेत नाही. त्याच्याशिवाय खेळच नाही, आणि ताशी शंभर किलोमीटरने अंगावर येणाऱ्या रबराच्या चकतीसमोर उभं राहायला तयार असणारी माणसं जगात फार नाहीत. इथे तर गोली भाड्याने मिळवून देणारी वेगळी ॲप्स आहेत!

तर वीस हा आकडा सांभाळणं हे संयोजकाचं काम, आणि त्यासाठी ॲप. आमच्या ॲपवर तीन बटणं आहेत: येतो, येत नाही, बघतो. पहिल्या दिवशी मला हसूच आलं. मराठी माणूस घराबाहेर पडतानाच ‘येतो’ म्हणतो. जात असतो आणि म्हणतो येतो. ‘बघतो’ म्हणजे काय हे तर तुम्हाला सांगायला नको. लग्नाच्या आमंत्रणापासून उधारीपर्यंत ‘बघतो’चा अर्थ एकच. पण ॲपला असा काही इतिहास नसतो. त्याच्या दृष्टीने ‘येतो’ म्हणजे वीसपैकी एक जागा भरली, भाड्याचा विसावा भाग तुमच्या डोक्यावर, आणि यादीबाहेरचा एकविसावा माणूस आज घरी बसणार.

डेव्हिड ह्यूमने १७४० साली एक साधं उदाहरण दिलं होतं. दोघं जण एका होडीत बसून वल्ही मारतायत. एकमेकांना त्यांनी कसलंही वचन दिलेलं नाही, तरी त्यांचा ताल जुळतो, कारण एकाने मारायची आणि दुसऱ्याने नाही, यात दोघांचंही नुकसान आहे. ह्यूमचा मुद्दा असा की आधी एकमेकांवर अवलंबून वागण्याची रीत पडते. वचन हे त्या रितीतूनच निघालेलं एक साधन. मला हे बुधवारच्या हॉकीला तंतोतंत लागू वाटतं. बटण दाबल्याने बंधन येत नाही. उरलेल्या एकोणीस जणांनी त्या बटणावर विसंबून आपली संध्याकाळ रचलेली असते, त्याने येतं. कुणी बायकोला सांगितलेलं असतं, कुणी मुलाला लवकर झोपवलेलं असतं, कुणी पन्नास किलोमीटरवरून निघालेलं असतं. म्हणून सकाळी ‘येत नाही’ केलेला आणि रात्री दहाला ‘येत नाही’ केलेला, हे दोन वेगळे नैतिक प्रकार आहेत, जरी ॲपच्या यादीत दोघांपुढे एकच लाल फुली दिसत असली तरी.

न येणाऱ्यांना दंड ठेवा, असं मग आपोआप सुचतं. आम्हीही ठेवला. वीस डॉलर. झालं असं की आधी न येणारा माणूस दोन ओळींची माफी लिहायचा, पुढच्या आठवड्यात ड्रेसिंग रूममध्ये सगळ्यांसाठी कॉफी घेऊन यायचा. दंड आल्यावर त्याने वीस डॉलर पाठवले आणि विषय संपला. दोन जणांनी तर आगाऊच विचारलं, ‘वीस भरले तर शेवटच्या क्षणापर्यंत जागा धरून ठेवता येईल ना?’ हे फक्त आमच्याकडे घडलं असं नाही. उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्टिकिनी या दोन अर्थतज्ज्ञांचा २०००चा एक प्रसिद्ध अभ्यास आहे. इस्राएलमधल्या हैफा शहरातल्या पाळणाघरांत मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना दंड लावला, तर उशिरा येणारे वाढले. आधी शिक्षिकेला ताटकळत ठेवल्याची लाज होती, आता तो विकत घेतलेला वेळ झाला. दंड नंतर काढून टाकला, तरी लाज काही परत आली नाही. आम्ही दंड तीन महिन्यांत काढला. लाज अर्धीमुर्धी परत आली असावी. कॉफी मात्र नाही.

दंडाच्या जागी मग ॲपनेच एक सोय देऊ केली. प्रत्येकाच्या नावापुढे त्याचा भरवशाचा टक्का. दहा वेळा ‘येतो’ म्हणून नऊ वेळा आलात, नव्वद टक्के. जागा कमी असतील तर ज्याचा टक्का जास्त त्याला आधी. ऐकायला किती न्याय्य वाटतं! मलाही वाटलं. मग मी यादी नीट वाचली. वर कोण होतं? बँकेत, आयटीत, महापालिकेत कामाला असणारे, म्हणजे आम्हीच. खाली कोण? रुग्णालयात पाळीवर काम करणारी एक नर्स, जिची पाळी संपली तरी बदली माणूस आल्याशिवाय तिला निघता येत नाही. ब्रॅम्प्टनचे दोन ट्रकचालक, ज्यांचा माल सीमेवर अडला की बुधवार गेला. नर्स एकाहत्तर टक्के. आणि अठ्ठ्याण्णव टक्क्यांवर असा एक गृहस्थ, जो दर वेळी येतो, पक कुणाला देत नाही आणि नवख्या माणसावर ओरडतो.

तो टक्का चारित्र्य मोजत नव्हता. स्वतःच्या वेळेवर कुणाची किती मालकी आहे ते मोजत होता. ज्याच्या संध्याकाळीवर साहेबाचा, रुग्णाचा, सीमाशुल्क अधिकाऱ्याचा हक्क नाही, तो भरवशाचा ठरणारच. मी तो टक्का बंद केला. काही जण नाराज झाले. त्यांचं म्हणणं होतं, कारण काहीही असो, आम्ही तर अडतोच ना? खरं आहे. नुकसान खरं आहे. पण नुकसान झालं म्हणून दोष सिद्ध होतो, हे मला मान्य नाही. नर्स सकाळीच फोन करून सांगते, ‘आज पन्नास-पन्नास आहे, मला यादीच्या शेवटी टाक.’ हे वाक्य बोलण्यात जो भरवसा आहे, त्यासाठी ॲपमध्ये बटण नाही.

इथवर वाचून तुम्हाला वाटेल, हा आता जुन्या काळाचे गोडवे गाणार. मुळीच नाही. ॲपच्या आधी काय होतं ते मला ठाऊक आहे. फोनची साखळी होती. कुणाचा तरी मेव्हणा, कुणाचा शाळेतला मित्र. साखळीत नसाल तर या खेळाचं अस्तित्वच तुम्हाला कळायचं नाही. मी २०११ला मिरजेहून इथे आलो आणि तेहतिसाव्या वर्षी, भिंत धरून, चार-पाच वर्षांच्या पोरांच्या शेजारी स्केटिंग शिकलो. हॉकी ही गोऱ्या घरांतली वारशाने येणारी गोष्ट, असा समज तेव्हाही होता, जरी इथले सामने २००८पासून टीव्हीवर पंजाबीतून ऐकायला मिळत होते तरी. मला कुणी थेट नाही म्हटलं नाही. कुणी ये असंही म्हटलं नाही. ॲपवर ‘सर्वांसाठी खुलं’ असं लिहिलेलं दिसलं, बटण दाबलं, आणि मी आत होतो. त्या बटणाला माझं आडनाव उच्चारावं लागलं नाही. हे मी विसरू शकत नाही. ओळखीवर चालणाऱ्या जगात उपऱ्याला आकडा हाच मित्र असतो, मग तो रेशनच्या रांगेतला असो की वेटलिस्टमधला.

तेव्हा प्रश्न असा उरतो की ॲपला कशाला हात लावू द्यायचा आणि कशाला नाही. इथून तासाभराच्या अंतरावर वॉटर्लू विद्यापीठात बर्नार्ड सूट्स नावाचे तत्त्वज्ञ शिकवायचे. ‘द ग्रासहॉपर’ या त्यांच्या १९७८च्या पुस्तकात खेळाची एक भन्नाट व्याख्या आहे. सोप्या मराठीत सांगायचं तर, गरज नसलेले अडथळे आपणहून स्वीकारून ते पार करायला धडपडणं म्हणजे खेळ. चकती जाळ्यात घालायची एवढंच असेल तर हाताने उचलून नेऊन ठेवता येईल. आपण मुद्दाम पायात पाती बांधतो, हातात काठी घेतो, समोर पाच माणसं उभी करतो. ॲपचा धर्म बरोबर याच्या उलट आहे. त्याला अडथळा दिसला की तो काढून टाकायचा असतो. लोकांना बोलावणं, पैसे गोळा करणं, गोली शोधणं, यातले अडथळे काढले तर माझे आशीर्वाद. ती नुसती कटकट होती. पण कटकट कुठे संपते आणि खेळ कुठे सुरू होतो?

माझ्या मते खेळ बाजू पाडण्यापासून सुरू होतो. त्याची इथली जुनी रीत अशी: सगळ्यांनी आपापल्या स्टिक बर्फाच्या मधोमध ढिगात टाकायच्या. एकाने टोपी डोळ्यांवर ओढून गुडघ्यांवर बसायचं आणि एक स्टिक डावीकडे, एक उजवीकडे, अशी फेकत जायचं. तुमची स्टिक जिकडे, तिकडे तुम्ही. जॉन रॉल्सचं नाव ऐकलेल्या कुणालाही यात त्याचा ‘अज्ञानाचा पडदा’ दिसेल. १९७१च्या पुस्तकात त्याने सुचवलं होतं की समाजाचे नियम ठरवताना, त्या समाजात आपली जागा कोणती हे ठरवणाऱ्याला माहीत नसावं. अर्थात रॉल्स नियमांबद्दल बोलत होता आणि ही साधी सोडत आहे, आणि खरं सांगायचं तर टोपीखालून टेपचा रंग ओळखणारे बिलंदर प्रत्येक ग्रुपमध्ये असतात. पण भावना तीच.

ॲप हेही करून देतं. प्रत्येकाला एक ते दहा असा आकडा द्या, दोन समतोल बाजू तयार. आम्ही हिवाळाभर करून पाहिलं. सामने खरोखर अटीतटीचे झाले. पण आता प्रत्येकाला ठाऊक होतं की संयोजकाच्या फोनमध्ये आपल्या नावापुढे एक आकडा आहे. लोक तो मागायला लागले. सहा असणाऱ्याला सात व्हायचं होतं. सी. थी न्यूयेन हे तत्त्वज्ञ अशा आकड्यांबद्दल गेली काही वर्षं लिहितायत: आपल्या गुंतागुंतीच्या आवडीच्या जागी एक सोपा आकडा येऊन बसतो आणि आपण त्याच्यासाठी जगायला लागतो. स्टिकच्या ढिगाने कधी कधी भयंकर एकतर्फी सामने होतात, पण हरणाऱ्याला कुणी कमी ठरवलेलं नसतं. आम्ही ढिगाकडे परतलो. बाजू नव्वद टक्के समान असण्यापेक्षा कुणाच्याच कपाळावर आकडा नसणं मला जास्त मोलाचं वाटतं. यावर माझ्याशी वाद घालता येईल, आणि ग्रुपमधले निम्मे घालतातही.

आता खरी अडचण. आमच्याकडे एक आजोबा येतात. वय सत्तरीच्या पुढे, निवृत्त बसचालक, या रिंकवर चाळीस वर्षं खेळलेले. त्यांच्याकडे स्मार्टफोन नाही, घ्यायची इच्छाही नाही. पाय गेलेत. बर्फावर ते जवळपास उभेच असतात. पण पक त्यांच्या काठीवर आला की सगळे किंचित सैल पडतात, त्यांना एक पास देऊ देतात, आणि तो पास अजूनही सुईत दोरा ओवावा तसा जातो. इंग्रजीत त्यांच्यासाठी शब्द सापडेना. मराठीत मला तो लगेच सापडला: कच्चा लिंबू. आठवतं ना? धाकटा भाऊ हट्ट करून खेळायला आला की त्याच्यावर राज्य येत नाही, तो आउट होत नाही, पण तो खेळात असतो. भिडूंच्या मोजणीत नाही, खेळात आहे. किती शहाणी सोय! आठ-नऊ वर्षांच्या पोरांनी, कुणी न शिकवता, ‘समान नाही पण आपला’ अशी एक जागा तयार ठेवली होती. ॲपला हे कळत नाही. त्याच्याकडे एक आहे आणि शून्य आहे.

मी आजोबांना यादीबाहेर घेत होतो. वीस अधिक ते. एका बुधवारी ड्रेसिंग रूममध्ये एक मुलगा माझ्याजवळ येऊन बसला. मूळचा पुण्याचा, इथे कॉलेजात शिकतो, लहानपणी रोलर स्केटिंगच्या क्लासला जायचा म्हणून बर्फावर लवकर रुळला. रात्री गोदामात काम करतो. हळू आवाजात म्हणाला, “दादा, राग मानू नका. गेल्या तीन बुधवारी मी वेटलिस्टवर पहिला होतो. तिन्ही वेळा एकवीस जण खेळले. तो एकविसावा कुठल्या नियमाने?”

मी कच्च्या लिंबाचं सांगितलं. तो हसला. मग म्हणाला, “पण कच्चा लिंबू कोण होतो, माहितीये ना? ज्याचा मोठा भाऊ आधीच खेळतोय तो. माझा इथे कोण आहे?”

मी बराच वेळ नुसत्या बुटाच्या नाड्या बांधत राहिलो. कारण त्याचं बरोबर होतं. मी ज्याला माणुसकी म्हणत होतो, ती त्याच्या बाजूने पाहिली तर जुनी फोनची साखळीच होती. आजोबांना मी ओळखत होतो, त्याला नव्हतो. आणि तरीही आजोबांना ‘वेटलिस्टमध्ये या’ असं सांगणं मला चूकच वाटत होतं, अजूनही वाटतं. चाळीस वर्षं एका जागी घाम गाळला की त्या जागेवर काही हक्क उरतो. तो हक्क नियमात लिहिता येत नाही, पण म्हणून तो खोटा ठरत नाही. दोन्ही मागण्या न्यायाच्याच होत्या. एक म्हणत होती, मला इतरांसारखंच मोजा. दुसरी म्हणत होती, मला मोजू नका.

यादी चोवीसची करावी, दोन तास घ्यावेत, असे उपाय सुचवले गेले. पैसे आणि रिंकची वेळ, दोन्ही नाहीत. दयेपोटी आजोबांसाठी एक जागा राखीव ठेवावी असंही कुणी म्हणालं. आजोबांनीच ते उडवून लावलं. त्यांना त्यांच्या नावाची पाटी नको होती.

शेवटी सध्या चाललंय ते असं. ॲपवर आता अठराच जागा आहेत, क्रमाने, बिनचूक, कुणाचीही ओळख न विचारता. उरलेल्या दोन जागा ॲपवर नाहीत, आणि त्या आहेत हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्या कुणाला द्यायच्या हे मी ठरवत नाही. दर आठवड्याला पाळीपाळीने दोन खेळाडूंकडे एकेक जागा जाते. ते हवं त्याला आणू शकतात, आणि का आणलं हे कुणी विचारायचं नाही. त्या माणसाचे पैसे मात्र आणणाऱ्याने द्यायचे. आजोबा बहुतेक बुधवारी असतात, कारण कुणी ना कुणी त्यांना आणतंच. दोनदा कुणी आणलं नाही. त्या दोन्ही बुधवारी ते काचेपलीकडे उभे राहून सामना बघत होते, आणि मला खेळताना सारखं तिकडे बघावंसं वाटत होतं. तक्रार त्यांनी केली नाही. पुढच्या वेळी मात्र पाळी कुणाची आहे ते ड्रेसिंग रूममध्ये मोठ्याने विचारलं.

या बुधवारी पाळी त्या पुण्याच्या मुलाची आहे. आजोबांनी त्याच्याशी मागच्या आठवड्यात बराच वेळ गप्पा मारल्या, स्टिकला टेप कशी गुंडाळायची ते दाखवलं. कोणाला आणणार, असं मी त्याला विचारलं नाही. नियमच तसा आहे. पण काल त्याने आपणहून फोन केला. त्याचा खोलीतला सोबती, नांदेडचा, महिन्यापूर्वी पहिल्यांदा बर्फावर उभा राहिलाय, अजून थांबता येत नाही, भिंतीला जाऊन धडकतो. त्याला घेऊन येऊ का, विचारत होता. आणि हेल्मेट कुणाकडे जादा आहे का.